बारा किल्ले आणि एक यादी: प्रस्तावना

फोनवरची बहुतेक ॲप मुळात याद्याच असतात. निरोपांचं ॲप उघडलं की संभाषणांची यादी, बँकेचं उघडलं की व्यवहारांची, रेल्वेचं उघडलं की गाड्यांची. ओळीवर बोट टेकवलं की आतला स्क्रीन उघडतो, मागे आलं की पुन्हा यादी. कॅमेरा, नकाशे आणि खेळ वगळले तर उरलेल्यांचा सांगाडा साधारण एवढाच. तरीही ॲप करायला शिकवताना यादी एका तासात उरकली जाते आणि यादीचे विभाग पाडणं त्या तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत. ओळींभोवती सेक्शन लिहा, शीर्षक द्या, झालं. कोड म्हणून ते खरंच तेवढंच आहे. या पुस्तकात ती पाच मिनिटं पुस्तकभर ताणली आहेत. त्याचं कारण आधी द्यायला हवं.

पुस्तकातलं ॲप एकच आहे आणि त्यात ओळी फक्त बारा आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाखाली बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. बारा नावं एकाखाली एक लिहिली तर साधी यादी तयार. आता तिचे विभाग पाडायला घ्या.

जिल्ह्यांनुसार पाडले तर पुण्यात तीन, रायगड आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत दोन-दोन, आणि नाशिक, सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, विळुप्पुरम् यांत एकेक. बारा ओळींना आठ शीर्षकं झाली आणि त्यातल्या पाचांखाली एकच ओळ. स्क्रीनवर किल्ल्यांपेक्षा शीर्षकंच जास्त डोळ्यांत भरतात. भूरचनेनुसार पाडले तर डोंगरी किल्ले सहा आणि बेटांवरचे तीन. उरले तीन: प्रतापगड रानातल्या डोंगरावर, पन्हाळा पठारावर, विजयदुर्ग किनाऱ्यावर. युनेस्कोच्या वर्णनात हे तिघे वेगवेगळे प्रकार आहेत. अभ्यासकाला तो भेद हवाच. रविवारी कुठे जायचं ते ठरवणाऱ्याला मात्र डोंगराकडे जायचं की समुद्राकडे एवढंच कळायला हवं; त्याच्यासाठी डोंगरी आठ आणि सागरी चार असे दोनच विभाग पुरेत. म्हणजे विभाग किल्ल्यांत नसतात. ते यादी उघडणाऱ्याच्या प्रश्नात असतात, आणि प्रश्न बदलला की तेच बारा किल्ले वेगळ्या रांगांत उभे राहतात. या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे. पुढचं सगळं या एका गोष्टीचे परिणाम आहेत.

विभाग कसे पाडायचे हा प्रश्न मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे. अमरकोशात शब्द वर्णक्रमाने येत नाहीत, वर्गांनी येतात. शिवकालीन राजव्यवहारकोशात दहा वर्ग आहेत, त्यांत दुर्गवर्ग आहे, शस्त्रवर्ग आहे, लेखनवर्ग आहे, पण्यवर्ग आहे. कारभारात ज्याला जो शब्द अडेल तो त्याच्या खात्यात सापडावा अशी ती मांडणी. ग्रंथालयांत मेल्विल ड्यूईने १८७६ मध्ये दशांश पद्धत आणली आणि प्रत्येक पुस्तकाला एक ठरलेली जागा दिली. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन यांना नेमकी हीच एक ठरलेली जागा खटकत होती. गणित शिकवता शिकवता ग्रंथपाल झालेल्या या माणसाने १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यात विषयाचे पैलू वेगळे काढायचे आणि गरजेप्रमाणे जोडायचे. किल्ल्याला जिल्हा हा एक पैलू, भूरचना दुसरा, चढाई तिसरा. आज ॲपमध्ये 'यानुसार गट करा' असं बटण दिसतं, त्यामागचा विचार रंगनाथन यांच्या फार जवळचा आहे. आपल्याकडे संगणक शिकणाऱ्यांना त्यांचं नाव क्वचितच कळतं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

यंत्रावरच्या याद्यांचा इतिहास त्या मानाने छोटा आहे. ज्या तीन आडव्या रेघांना आज मेनूचं चिन्ह म्हणतात, त्या नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्सच्या स्टार या संगणकासाठी काढल्या. तो संगणक १९८१ मध्ये बाजारात आला. बटणांचे नोकिया फोन ज्यांनी वापरले त्यांना मेनूतली खोली आठवत असेल. आतल्या आत शिरत गेलं की कोपऱ्यात आकडे दिसायचे आणि ज्यांना ते पाठ झाले ते मेनू दाबून थेट आकडेच टाकायचे. स्क्रीनवर एका वेळी एक-दोन पर्यायच मावायचे, तेव्हा विभागांवाचून गत्यंतर नव्हतं.

२००७ मध्ये आयफोन आला आणि बोटाने सरकवायची लांब यादी सर्रास झाली. पुढच्या वर्षी बाहेरच्या प्रोग्रामरांना साधनं मिळाली, तेव्हा त्यांत यादी दाखवणारा यूआयटेबलव्ह्यू होता. त्याच्या लेखी प्रत्येक ओळीचा पत्ता दोन आकड्यांचा: कितवा विभाग आणि त्यातली कितवी ओळ. यादी प्रोग्रामला विचारते, विभाग किती, या विभागात ओळी किती, या पत्त्यावर काय दाखवू. विभाग हा इथे यादीच्या हाडामासाचा भाग आहे. अँड्रॉइडने वेगळी वाट धरली. तिथल्या साध्या लिस्टव्ह्यूला आणि २०१४ नंतरच्या रीसायकलरव्ह्यूलाही विभाग माहीतच नाहीत. त्यांना दिसते एक सलग पट्टी. तिच्यात काही ओळी शीर्षकासारख्या रंगवायच्या आणि काही साध्या. उघडझाप करणारी दोन पातळ्यांची यादी अँड्रॉइडमध्ये सुरुवातीपासून होती, पण सगळीकडे चालला तो पट्टीचाच मार्ग.

ही दोन घराणी आजही तशीच आहेत, कपडे तेवढे बदलले. ॲपलचं स्विफ्टयूआय २०१९ मध्ये आलं आणि त्यात लिस्टच्या पोटात सेक्शन, सेक्शनच्या पोटात ओळी असं सरळ लिहिता येऊ लागलं. रिॲक्ट नेटिव्हमधली सेक्शनलिस्ट २०१७ ची. तिला विभागांची रांग द्यायची, प्रत्येक विभागासोबत त्याचं शीर्षक आणि त्याच्या ओळी. हे दोघे पहिल्या घराण्यातले. अँड्रॉइडसाठीच्या जेटपॅक कंपोजची पहिली पक्की आवृत्ती २०२१ ची. तिथल्या लेझीकॉलममध्ये चिकटून राहणारं शीर्षक मिळतं, पण पट्टी एकच. फ्लटरचाही कल पट्टीकडेच. वादात कोण बरोबर असं विचारलं तर शिकणाऱ्यासाठी मी पहिल्या घराण्याच्या बाजूने आहे, कारण तिथे माहितीचा आकार आणि स्क्रीनचा आकार सारखा दिसतो. दुसऱ्या घराण्यातली लवचीकता पुढे कामाला येते, पण ती समजायला आधी चार ठेचा लागतात.

त्यातली एक ठेच आमच्या बारा किल्ल्यांत आयतीच आहे. रायगड हा किल्ला आहे आणि जिल्हाही आहे, सिंधुदुर्गाचंही तसंच. जिल्ह्यांनुसार विभाग पाडले की 'रायगड' या शीर्षकाखाली 'रायगड' ही ओळ येते. लेझीकॉलममध्ये प्रत्येक घटकाला ओळख म्हणून किल्ली देता येते, आणि नवखा माणूस साहजिकच नावच किल्ली म्हणून देतो. शीर्षकाची किल्ली 'रायगड', ओळीची किल्लीही 'रायगड'. पट्टी एकच असल्यामुळे किल्ल्या पूर्ण पट्टीभर वेगळ्या लागतात. ही किल्ली आधीच वापरली आहे अशी तक्रार करून ॲप बंद पडतं. शीर्षक 'रायगड जिल्हा' केलं की क्रॅश थांबतो आणि वाचणाऱ्याचा गोंधळही थांबतो, पण खरा इलाज म्हणजे प्रत्येक किल्ल्याला नावापासून स्वतंत्र असा ओळखक्रमांक देणं. तो धडा डेटाबेस शिकताना उपयोगी पडतोच. इथे तो बारा ओळींत शिकून होतो.

आयफोनच्या बाजूची ठेच वेगळी. स्विफ्ट या ॲपलच्या भाषेत सपाट यादीचे गट करून देणारी सोय आहे. जिल्ह्यानुसार गट कर म्हटलं की डिक्शनरी मिळते, पण डिक्शनरीला क्रम नसतो. ॲप एकदा उघडलं तर पुणे वर, पुन्हा उघडलं तर कोल्हापूर वर. नवख्याला वाटतं फोन बिघडला. अँड्रॉइडकडच्या कोटलिन भाषेतल्या तशाच सोयीत गट ज्या क्रमाने सापडले त्याच क्रमाने राहतात, म्हणून तिथे हा प्रश्न दिसतच नाही. विभागांचा क्रम हा वेगळा निर्णय आहे आणि तो आपणच घ्यायचा असतो, हे स्विफ्ट शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळतं.

मांडणीचे प्रकार किती, याचं सुटसुटीत उत्तर रिचर्ड सॉल वर्मन यांनी 'इन्फर्मेशन अँग्झायटी' या १९८९ च्या पुस्तकात दिलं: स्थान, वर्णक्रम, काळ, प्रकार आणि चढती-उतरती श्रेणी, एवढे पाचच. यातल्या वर्णक्रमाला मराठीत हात घातला की जे होतं ते इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही, म्हणून त्याला इथे जास्त जागा दिली आहे. संपर्कांच्या यादीसारखे पहिल्या अक्षराचे विभाग करायचे ठरवलं. स्विफ्टला शब्दाचं पहिलं अक्षर मागितलं की ती डोळ्यांना दिसणारं अख्खं अक्षर देते, मात्रा-अनुस्वारासकट. त्यामुळे साल्हेर 'सा' खाली, सुवर्णदुर्ग 'सु' खाली, सिंधुदुर्ग 'सिं' खाली. पन्हाळा आणि प्रतापगडही एकत्र येत नाहीत. बारा किल्ल्यांचे अकरा विभाग होतात. सोबतीला राहतात ते फक्त रायगड आणि राजगड. त्याऐवजी युनिकोडचा पहिला घटक मागितला तर नुसता 'स' मिळतो, आणि विभाग आठ होतात. जावास्क्रिप्ट आणि कोटलिनमध्ये नेहमीच्या पद्धतीने पहिलं अक्षर मागितलं तर आधीपासूनच 'स' मिळतो. पण मग क्षमा 'क' मध्ये जाते आणि ज्ञानेश्वर 'ज' मध्ये, शाळेतल्या वर्णमालेने क्ष आणि ज्ञ शेवटी ठेवले असले तरी. 'ळ' ची गंमत आणखी निराळी. त्याने सुरू होणारा शब्द नाही म्हणून शीर्षकात तो येत नाही, पण युनिकोडमध्ये त्याची जागा 'ल' च्या पाठोपाठ, 'व' च्या आधी आहे. नुसत्या क्रमांकांवर विसंबलं तर 'काळा' हा 'कावळा' च्या आधी येतो. भाषेनुसार क्रम लावायची सोय तिन्हीकडे आहे. ती मुद्दाम मागावी लागते.

देवनागरीचा दुसरा प्रश्न दिसण्याचा. आयफोनवरच्या गटवार यादीत अनेक वर्षं इंग्रजी शीर्षकं आपोआप मोठ्या लिपीत जात, शिवाय लहान आणि करडी. आपल्या लिपीत लहान-मोठं असा भेदच नाही. त्यामुळे शीर्षकाची एक खूण गळून पडते आणि मराठी यादीत शीर्षक एखाद्या फिक्या पडलेल्या ओळीसारखं दिसतं. ठसा, अंतर आणि रंग यांनी ती उणीव भरून काढावी लागते. ओळीची उंची आकड्यात बांधून टाकली तर वेलांट्या आणि उकार कापले जातात ते वेगळंच. बोटासाठी ॲपल किमान ४४ पॉइंट आणि गूगल ४८ डीपी जागा सुचवतं; मराठीत ही किमान मर्यादा धरायची आणि वर मोकळं सोडायचं.

विभाग किती आणि खोली किती यावर मानसशास्त्रातलं एक वाक्य सारखं फेकलं जातं: माणसाला एका वेळी सात, अधिक-उणे दोन, गोष्टीच झेपतात. जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा तो निबंध लक्षात ठेवण्याच्या क्षमतेबद्दल आहे. मेनू पाठ करायचा नसतो, तो समोर असतो. केव्हिन लार्सन आणि मेरी झर्विन्स्की यांनी १९९८ मध्ये ५१२ नोंदींची मांडणी तीन तऱ्हांनी तपासली: आठ-आठच्या तीन पायऱ्या, आणि दोनच पायऱ्यांच्या दोन रचना, सोळा-बत्तीस आणि बत्तीस-सोळा. तीन पायऱ्यांत लोक सर्वांत रेंगाळले. म्हणजे यादी लांब झाली म्हणून ती आत आत गाडायची घाई करू नये; एकाच स्क्रीनवर शीर्षकांनी तोडलेली लांब यादी बऱ्याचदा बरी पडते. हे पुस्तक नवख्याला दुसरा स्क्रीन उघडण्याआधी सेक्शन वापरून बघायला लावतं ते यासाठी.

त्याच दशकात झेरॉक्सच्या पालो अल्टोमधल्या संशोधन केंद्रात पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी माहिती शोधणाऱ्या माणसाची तुलना भक्ष्याचा माग काढणाऱ्या प्राण्याशी केली. ओळीवरच्या शब्दांतून आत काय आहे याचा वास यावा लागतो. 'इतर', 'अधिक सेवा', 'विविध' या शीर्षकांना कसलाच वास नसतो. आपल्याकडच्या ॲपांत 'इतर' हा विभाग सर्वांत मोठा असण्याची जी चाल आहे, ती बनवणाऱ्याच्या थकव्याची खूण असते. आमच्या यादीत जिंजीला 'इतर' मध्ये ढकलायचा मोह होतो. त्याच्याऐवजी 'महाराष्ट्राबाहेर' लिहिलं तर एका ओळीच्या विभागालाही अर्थ येतो.

ज्याला स्क्रीन दिसत नाही त्याच्यासाठी शीर्षक हा वाटाड्याच असतो. आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक ही स्क्रीन वाचून दाखवणारी साधनं वापरणारे लोक एका शीर्षकावरून थेट पुढच्या शीर्षकावर उडी मारतात. पण ते शीर्षक आहे हे कोडने सांगितलेलं असेल तरच. नुसती अक्षरं जाड केली तर डोळस माणूस समजतो, वाचक यंत्र समजत नाही, आणि वापरणाऱ्याला चाळीस ओळी एकामागून एक ऐकाव्या लागतात. कंपोजमध्ये त्यासाठी एक छोटी सूचना पुरते, स्विफ्टयूआयमध्येही तसंच. म्हणून हा भाग परिशिष्टात ठेवलेला नाही.

हे सगळं आता कशाला, असं विचारणारे दोन प्रकारचे लोक आहेत. पहिले म्हणतात, शोधाची पट्टी असताना याद्या कोण चाळतो? शोधायला नाव माहीत लागतं आणि ते लिहिता यावं लागतं. रायगड रोमन लिपीत लिहिताना शेवटी ड की ढ इथूनच मतभेद. ज्याला खांदेरी नावाचा किल्ला आहे हेच ठाऊक नाही तो त्याला शोधणार कसा? यादीत तो समोर येतो. दुसऱ्यांचा मुद्दा जास्त वजनदार आहे. कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आता सेक्शनसकट यादी क्षणात तयार करतात, मग शिकायचं काय? त्यांनी तयार केलेल्या याद्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या चालतात. विभागांची नावं मात्र कुठल्याही ॲपला चालतील अशी असतात, आणि अकरा विभागांची 'सा-सु-सिं' यादी समोर आली तर ती का आली हे ओळखायला माणूसच लागतो. टंकलेखनाचं काम कमी झालं, निवडीचं तेवढंच राहिलं.

पुस्तकाचा क्रम या विचारातूनच आला आहे. आधी बारा किल्ले एका सपाट यादीत ठेवायचे, प्रत्येकाच्या नोंदीत जिल्हा, भूरचना, चढाई अशी पैलूंची घरं करायची, आणि विभाग त्या नोंदींतून दर वेळी काढून घ्यायचे. विभाग हाताने लिहून ठेवायचे नाहीत. मग ओळीवरून आतल्या स्क्रीनवर जायचं. शेवटी गट बदलण्याचं बटण, शोध, आणि आयपॅडच्या रुंद स्क्रीनवर हीच यादी बाजूला कशी बसते ते. सर्व्हर, लॉगिन, नकाशा यांतलं काही नाही. ते शिकवणारी पुस्तकं भरपूर आहेत.

काही व्यवहाराच्या गोष्टी. स्विफ्टयूआयचा भाग आयओएस १६ आणि पुढच्यासाठी आहे, कारण २०२२ मध्ये ॲपलने जुना नॅव्हिगेशनव्ह्यू बाजूला सारून नॅव्हिगेशनस्टॅक आणला. जुन्या धड्यांत पहिलाच सापडतो आणि दोन्ही मिसळले की ओळी दाबल्या जातात पण काही उघडत नाही. स्विफ्टयूआयचं ॲप ज्यात लिहायचं त्या एक्सकोडला मॅक लागतो. मॅक नसेल आणि आयपॅड असेल तर स्विफ्ट प्लेग्राउंड्सच्या चौथ्या आवृत्तीपासून त्यावरही ॲप करता येतं. दोन्ही नसतील तर सरळ कंपोजच्या भागापासून सुरुवात करावी. अँड्रॉइड स्टुडिओ विंडोजवर चालतो, फक्त मेमरी भरपूर खातो. किल्ल्यांच्या नोंदींची फाइल दोन्ही भागांना एकच आहे.